कठडा कोण पुसतो?

२०१५च्या ऑक्टोबरात वाशिमच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या डोळ्यांत जंतुसंसर्ग झाला. तो इथे आटोक्यात येईना, म्हणून त्यांना मुंबईला जे. जे. रुग्णालयात न्यावं लागलं. डॉ. तात्याराव लहाने तेव्हा तिथे अधिष्ठाता होते. नेत्रविभागाने शर्थ केली, पण अनेकांच्या त्या डोळ्याला पुन्हा दिसलं नाही. मोतीबिंदू म्हणजे आपल्याकडची सगळ्यात भरवशाची शस्त्रक्रिया. ‘सोयाबीनची सोंगणी आटोपली की डोळा करून घेऊ,’ असं म्हणत माणसं सवड काढून येतात आणि दुसऱ्या दिवशी हिरवी पट्टी लावून घरी जातात. त्या भरवशालाच इथे तडा गेला.

पुढच्याच महिन्यात सातपुड्यापलीकडे, मध्य प्रदेशातल्या बडवानीच्या शिबिरात चाळीसहून अधिक जणांनी दृष्टी गमावली. जानेवारी २०१९मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका ट्रॉमा रुग्णालयात तसाच प्रकार झाला आणि तिथे स्युडोमोनास हा जंतू सापडला. अशा घटनेनंतर पहिला प्रश्न ठरलेला असतो : शस्त्रक्रिया कुणी केली? तो विचारायलाच हवा. पण स्युडोमोनास राहतो ओलाव्यात. नळाच्या तोटीत, बेसिनच्या जाळीत, ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरच्या बाटलीत, ओल्या पोछ्यात, आणि पातळ झालेल्या जंतुनाशकाच्या कॅनमध्येसुद्धा. म्हणून दुसरा प्रश्नही तितकाच नेटाने विचारायला हवा : ती तोटी, ती बाटली, तो कठडा कोण पुसतो, कशाने पुसतो, आणि त्याला हे काम कुणी शिकवलं?

डोळ्याच्या आतल्या पोकळीत रक्तवाहिन्या नाहीत. त्यामुळे शरीराचे पहारेकरी तिथे उशिरा पोचतात. काही मिलिमीटरच्या छेदातून शिरलेले थोडेसे जंतूही दोन-तीन दिवसांत डोळा निकामी करू शकतात. पोटाची किंवा हाडाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण यापेक्षा जास्त जंतू सहन करतो, पण तिथेही हिशेब तोच. फक्त तो उशिरा आणि गुपचूप होतो. टाका पिकतो, ताप उतरत नाही, प्रतिजैविक बदललं जातं, मुक्काम लांबतो आणि घरचे म्हणतात, ‘अंगाला लागत नाही औषध.’

जंतू निर्जीव वस्तूवर किती दिवस टिकतो? लोखंडी खाटेवर, प्लास्टिकच्या खुर्चीवर त्याला खायला काही नाही, मग तो तासाभरात मरत असेल, असं आपण धरून चालतो. जर्मनीतल्या क्रामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तोवरचा सगळा अभ्यास एकत्र करून जे आकडे मांडले, ते वेगळंच सांगतात. कोरड्या पृष्ठभागावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस सात दिवसांपासून सात महिन्यांपर्यंत जिवंत राहतो. असिनेटोबॅक्टर तीन दिवस ते पाच महिने. क्लेब्सिएला काही तासांपासून थेट तीस महिन्यांपर्यंत. एखाद्या खाटेवरचा रुग्ण बरा होऊन गेला, त्याच्यानंतर त्या खाटेवर अनेक रुग्ण येऊन गेले, तरी पहिल्याचा जंतू कठड्याच्या सांध्यात बसून असू शकतो. आधीच्या रुग्णाला जो चिवट जंतू होता, तो त्याच खोलीत पुढे येणाऱ्याला होण्याची शक्यता वाढते, हे परदेशातल्या अतिदक्षता विभागांत मोजून सिद्ध झालेलं आहे.

आता त्यात औषधांना दाद न देण्याची भर घाला. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००९च्या उत्तरार्धात, अवघ्या तीन-चार महिन्यांत, कार्बापेनेमला न जुमानणारे चोवीस जंतू गोळा केले. त्यांतल्या बावीसांत एनडीएम-१ हे जनुक निघालं. कार्बापेनेम म्हणजे बाकी सगळं थकल्यावर काढायचं औषध. मार्च २०१०मध्ये हा अभ्यास भारतीय डॉक्टरांच्याच नियतकालिकात छापून आला. त्यानंतर काही महिन्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या संसर्गरोगविषयक आवृत्तीतल्या लेखावरून जनुकाच्या नावातल्या ‘नवी दिल्ली’वर मोठा वाद पेटला आणि मूळ मुद्दा त्या धुरळ्यात हरवला. हे जनुक सहसा जंतूच्या मुख्य गुणसूत्रावर नसतं, प्लाझ्मिड नावाच्या सुट्या कड्यावर असतं, आणि ते कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही. बेसिनच्या चिकट थरात अनेक जातींचे जंतू महिनोन्‌महिने शेजारी राहतात, तिथे ही देवाणघेवाण निवांत चालते. ‘लॅन्सेट’मध्ये २०२२ साली आलेल्या जागतिक अंदाजानुसार २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली. उपाय म्हणून आपण नव्या प्रतिजैविकाची वाट पाहतो. पण रुग्णापर्यंत पोचण्याआधीच जो जंतू मेला, त्याच्यासाठी औषध लागतच नाही.

एक खाट जवळून पाहू. रुग्णाला सुट्टी झाली आहे. नातेवाईक सामान बांधतात, चादर गोळा होते, सिस्टर कागद पूर्ण करतात, आणि दारात पुढचा रुग्ण उभाच असतो. या दहा-पंधरा मिनिटांत खाट ‘तयार’ करायची असते. कठड्याचा रंग पोपडे धरून उडालेला, खाली गंज. गंजाच्या खरबरीत जागेत फडकं पोचत नाही. गादीचं रेक्झिन कोपऱ्यात फाटलेलं. फाटलेल्या रेक्झिनमधून आतल्या स्पंजाने रक्त, लघवी, सलाईन सगळं शोषून घेतलेलं असतं, आणि ती गादी वरून कितीही पुसली तरी निर्जंतुक होत नाही. ती बदलायलाच हवी. मग लॉकरची मूठ, सलाईनच्या स्टँडचा स्क्रू, मॉनिटरची बटणं, बीपीचा पट्टा, पंख्याचं बटण, संडासाची कडी. दिवसभरात सर्वांत जास्त हात लागतात ते इथे. फरशीला हात लागत नाही, तिला फक्त पाय लागतात. तरीही आपल्या सफाईचा बहुतेक वेळ आणि बहुतेक पाणी फरशीवरच जातं, कारण तपासणीला आलेल्या साहेबांच्या नजरेत आधी फरशी भरते.

पुसण्यालाही क्रम आहे. स्वच्छ भागाकडून घाणेरड्या भागाकडे, वरून खाली. आधी साबणाचं पाणी, कारण रक्ताचा किंवा तेलकटपणाचा थर असेल तर तोच जंतुनाशकातला क्लोरीन खाऊन टाकतो आणि खालचा जंतू सुखरूप राहतो. मग साधं पाणी, मग जंतुनाशक. तीन बादल्यांची पद्धत म्हणतात ती हीच. जंतुनाशक लावल्यावर जागा साधारण दहा मिनिटं ओली राहायला हवी. लगेच कोरड्या फडक्याने पुसली तर सगळी मेहनत वाया. एकाच फडक्याने, एकाच बादलीत बुचकळत दहा खाटा पुसल्या, तर पहिल्या खाटेवरचा जंतू दहाव्या खाटेवर आपण स्वतः नेऊन बसवतो. म्हणजे सफाईच संसर्गाचं वाहन होते. गाडगेबाबांच्या वऱ्हाडात खराट्याला मान आहे आणि तो राहायलाच हवा, पण वॉर्डात कोरडा झाडू मारू नये, कारण खाली बसलेली धूळ आणि तिच्यावरचे जंतू तो उडवून उघड्या जखमेपर्यंत पोचवतो. ओलं पुसणंच योग्य.

आपल्याकडे सर्वांत जास्त वापरलं जातं ते सोडियम हायपोक्लोराइट. स्वस्त आहे, आणि नीट वापरलं तर एनडीएम असलेला जंतूही त्याच्यापुढे टिकत नाही, कारण प्रतिजैविकाला चकवणारी युक्ती क्लोरीनपुढे चालत नाही. पाच टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग मिळवले की अर्ध्या टक्क्याचं द्रावण होतं, आणि पृष्ठभागाला ते पुरतं. हिशेब सोपा आहे, पण मापाचा मग नसेल तर तो अंदाजपंचे होतो. शिवाय हायपो उष्णतेने आणि उन्हाने मरतं. मे महिन्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळिशीकडे जातो. अशा दिवसांत खिडकीशी ठेवलेल्या पारदर्शक कॅनमध्ये लेबलावर लिहिलेले पाच टक्के उरलेले नसतात. गडद कॅन, सावलीची जागा, भरल्याची तारीख आणि रोज सकाळी नवं द्रावण एवढं पाळलं तरी मोठं काम होतं. ते ॲसिडमध्ये तर कधीच मिसळू नये. विषारी वायू सुटतो आणि संडास घासणारी बाईच गुदमरते. फिनेलचा वास आला म्हणजे दवाखाना स्वच्छ, ही आपली जुनी समजूतही सोडायला हवी. वास नाकापुरता असतो, चिवट जंतूंवर त्याचा काही परिणाम होत नाही.

तीच गत फ्युमिगेशनची. शस्त्रक्रियागृह बंद करून फॉर्मालिनचा धूर सोडला की ‘ओटी’ शुद्ध झाली, असा समज डॉक्टरांतही खोल रुजलेला आहे. फॉर्मालिनमधलं फॉर्मल्डिहाइड कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंस्थेने २००४मध्येच जाहीर केलं. धूर धुळीच्या थराखाली पोचत नाही आणि टेबलाच्या चाकाला चिकटलेलं रक्त काढत नाही. ते काम हातानेच करावं लागतं. जिथे फ्युमिगेशनची नोंदवही वर्षानुवर्षं चोख भरलेली आणि टेबलाची गादी फाटकी, तिथे नोंदवहीपेक्षा गादीकडे आधी पाहावं.

पाण्याचाही प्रश्न आहे. अडाण, अरुणावती, काटेपूर्णा या नद्या वाशिम जिल्ह्याच्या डोंगराळ भागातच उगम पावतात आणि पाणी घेऊन बाहेर जातात. उगमाच्या मुलखाला कायम साठवणीवर जगावं लागतं. वाशिम शहराची तहान एकबुर्जीच्या जलाशयावर. पाऊस कमी झाला की पाणी जपून सोडतात, टाकीत साठवतात. साठलेल्या पाण्यात, न वापरलेल्या नळाच्या पाइपात जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. हात धुवायला पाणी नाही, आणि आहे त्या पाण्यात स्युडोमोनास, अशी दुहेरी अडचण होते. म्हणून रुग्णालयाच्या टाकीची सफाई आणि तिच्यातला क्लोरीन यांची नोंद औषधसाठ्याइतकीच काटेकोर असायला हवी.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. डॉ. स्टेफनी डान्सर या सूक्ष्मजीवतज्ज्ञ बाईंनी शस्त्रक्रियेच्या दोन वॉर्डांत फक्त एक जादा सफाई कामगार नेमला. आठवड्यातले पाच दिवस, आणि काम फक्त हात लागणाऱ्या जागांचं. सहा महिने एका वॉर्डात, मग सहा महिने दुसऱ्यात. २००९मध्ये निष्कर्ष छापून आले : त्या जागांवरची जंतूंची घाण सुमारे ३२ टक्क्यांनी आणि एमआरएसए या चिवट जंतूचे नवे संसर्ग सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाले. कामगाराचा पगार वजा करूनही रुग्णालयाचे पैसे वाचले. ऑस्ट्रेलियात एका रुग्णालयातल्या दहा वॉर्डांत, अनेक रुग्णांना लागोपाठ वापरली जाणारी उपकरणं कामाच्या दिवशी तीन तास जास्तीची पुसली, तर रुग्णालयातल्या संसर्गांत सुमारे एक तृतीयांश घट झाली. तो अभ्यास २०२४चा. यात नवं औषध नाही, यंत्र नाही. शिकवलेली, वेळ मिळालेली आणि कामाचा मान मिळालेली माणसं आहेत.

आपल्याकडे हे काम बहुतांश कंत्राटावर चालतं. आज रस्ता झाडणारी व्यक्ती उद्या अतिदक्षता विभागात पोछा घेऊन उभी असते, आणि तिला खाटेचा कठडा आणि जिन्याचा कठडा यांतला फरक कुणी सांगितलेला नसतो. पगार उशिरा, हातमोजे अपुरे, सुईचं टोक लागलं तर काय करायचं याची माहिती नाही. ‘मावशी, तेवढं पुसून घ्या,’ एवढंच प्रशिक्षण. याच मावशींच्या हातात एका रुग्णापासून दुसऱ्यापर्यंतची वाट अडवण्याचं बळ आहे. वॉर्डात उपचार कोण करतं अशी यादी केली, तर डॉक्टर आणि परिचारिकेनंतर मी त्यांचंच नाव लिहीन आणि पगाराचा विचारही त्याच रांगेत व्हावा असं म्हणेन.

ग्लासगोच्या वॉर्डात नाही आणि आमच्याकडे आहे, असा एक घटक म्हणजे नातेवाईक. आपल्या सरकारी दवाखान्यात रुग्णाची निम्मी शुश्रूषा घरचेच करतात. सासूचं बेडपॅन सून उचलते, मुलगा स्ट्रेचर ढकलतो, आई खाटेखाली सतरंजी टाकून झोपते आणि त्याच खाटेवर भाकरीचं फडकं सोडते. त्यांना बाहेर काढणं शक्य नाही आणि माणुसकीचंही नाही. मग त्यांना कामात घेतलं पाहिजे. दाखल होताना सिस्टरने दोन गोष्टी त्यांच्या बोलीत सांगाव्यात : रुग्णाला हात लावण्याआधी आणि लावल्यावर हात धुवायचे, आणि शेजारच्या रुग्णाला मदत करायची तर मधे पुन्हा धुवायचे. ‘जागोजागी सूचना लावल्या आहेत’ हे पुरेसं नाही. भिंतीवरची सूचना वाचण्याइतकं स्वस्थ मन तिथे कुणाचं असतं?

सर्वांत नाजूक जागा म्हणजे नवजात शिशूंचा विशेष दक्षता कक्ष. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०१६मध्ये छापून आलेल्या अभ्यासात नवजातांच्या जंतुदोषात असिनेटोबॅक्टर पहिल्या क्रमांकावर होता आणि त्यातले ८२ टक्के अनेक औषधांना न जुमानणारे होते. डिसेंबर २०२१मध्ये मुंबईत भांडूपच्या पालिका प्रसूतिगृहातली चार बाळं जंतुदोषाने गेली, तेव्हा विधिमंडळात गदारोळ झाला. बाळ दीड किलोचं, त्वचा कागदासारखी पातळ, गर्दी झाली की एका वॉर्मरवर दोन बाळं. अशा वेळी आपल्याकडे एक पृष्ठभाग असा आहे जो बाळासाठी लोखंड-प्लास्टिकपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, तो म्हणजे आईची छाती. जन्मल्याबरोबर कांगारू मदर केअर, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी ठेवणं, सुरू केली तर कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू एक चतुर्थांशाने घटतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अभ्यासात दिसलं. भारतासह पाच देशांतली रुग्णालयं त्यात होती. आईच्या अंगावरचे नेहमीचे निरुपद्रवी जंतू बाळाच्या त्वचेवर आधी वस्ती करतात आणि दवाखान्यातल्या जंतूंना जागा उरत नाही. आईसाठी कक्षात एक आरामखुर्ची आणि थोडा आडोसा, एवढीच तयारी लागते.

जंतू जिल्ह्याची हद्द पाळत नाही. मानोरा-मंगरुळपीरचा रुग्ण वाशिमला येतो, तिथून अकोल्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, तिथेही जमलं नाही तर नागपूरला. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून शेलूबाजारहून नागपूर जवळ आलं, ही फार मोठी सोय आहे. पण १०८ची रुग्णवाहिका परत येते तेव्हा तिचं स्ट्रेचर, ऑक्सिजनचा मास्क, बाजूची पकडायची दांडी मोठ्या रुग्णालयातले जंतू घेऊन येते. पुढचा कॉल लगेच असतो. त्या दोन कॉलच्या मधली दहा मिनिटं पुसण्यासाठी राखून ठेवणं हा उपचारातलाच वेळ मानला पाहिजे.

नवनव्या उपायांची चर्चा मी मुद्दाम शेवटी ठेवली. तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू काही तासांत मरतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २००८मध्ये तांब्याच्या मिश्रधातूंना जंतुनाशक म्हणून मान्यता दिली. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी भरून ठेवणाऱ्या आपल्या घरांना त्याचं नवल वाटणार नाही. कठडे आणि दाराच्या मुठी पितळी करता येतील, पण त्यांच्यावर घाणीचा थर बसला तर तांबंही हतबल. इटलीतल्या सहा रुग्णालयांत निरुपद्रवी बॅसिलस जंतू मिसळलेल्या साबणाने सफाई केली, तेव्हा संसर्ग निम्म्यावर आले. जंतूंना खाणारे विषाणू, म्हणजे फाज, हा आणखी एक मार्ग आहे. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात, हे अर्नेस्ट हँकिन यांनी १८९६मध्ये भारतातच नोंदवलं, तिथून तो धागा सुरू होतो. या सगळ्यावर काम व्हावं. पण फाटकी गादी, मापाचा मग आणि वेळेवर पगार यांना थांबवून नव्हे.

वाशिमला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यांत वाशिम आहे. महाविद्यालय म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग. जखमेतल्या पुवाचं कल्चर इथल्या इथे होणं, कुठलं औषध चालतं ते दोन-तीन दिवसांत कळणं, ही या जिल्ह्यासाठी मोठी गोष्ट ठरेल. सेवाग्रामचं महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी जाळ्यातलं केंद्र म्हणून जंतूंच्या चिवटपणावर लक्ष ठेवून आहे. शिकायला फार दूर जावं लागणार नाही. भिंती-टेबलांचे सरसकट स्वॅब घेऊन फायली भरण्यापेक्षा या विभागाने एक साधी तपासणी सुरू करावी. कठड्यावर, मुठीवर, बटणावर न दिसणाऱ्या चमकत्या जेलचा ठिपका सकाळी लावायचा आणि संध्याकाळी अतिनील टॉर्चने पाहायचा. ठिपका उरला म्हणजे तिथे फडकं पोचलं नाही. अमेरिकेत तेवीस रुग्णालयांत असं पाहिलं तेव्हा जवळपास निम्म्याच जागा पुसलेल्या निघाल्या. सफाई कामगारांना निकाल दाखवून, त्यांच्याशी बोलून पुढे ते प्रमाण बरंच वाढलं. टॉर्च शिक्षेसाठी न वापरता शिकवण्यासाठी वापरली, म्हणूनच ते घडलं.

आणि निविदेत एक बदल करावा. सफाईचं कंत्राट आज फरशीच्या क्षेत्रफळावर आणि माणसांच्या संख्येवर ठरतं. कठडा, मूठ, बटण, तोटी, स्टँड यांना चौरस फूट नसतो, म्हणून ती कुणाच्याच बिलात येत नाहीत. पुढच्या निविदेत दर खाटेमागे पुसायच्या जागांची यादी, त्यासाठी लागणारी मिनिटं, तीन बादल्या, मापाचा मग, हातमोजे आणि प्रशिक्षणाचे पगारी दिवस लिहून यावेत, आणि बिल मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या सहीआधी परिसेविकेची सही लागावी.